चिऊचा रिकामा डबा

चिऊच्या बाबांना इकडून मनापासून नमस्कार.

मी मजेत आहे. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात आता माझा हात बसलाय, पोरं भात मागून घेतात. माझी काळजी करू नका. सासूबाईंचा गुडघा कसा आहे?

चिऊ शाळेतून रोज लख्ख रिकामा डबा आणते, असं तुम्ही कौतुकाने लिहिलंत. ते मी दोनदा वाचलं. अहो, चार घासांना तासभर लावणारी आपली पोर! इथे ताटं मीच घासते. जेवलेल्या पोराच्या ताटाला काहीतरी चिकटलेलं असतंच. ताट कोरडं ठणठणीत दिसलं, की मी आधी कचऱ्याची बादली बघते. तुम्ही तिच्या बाईंना जरा विचारा. पण चिऊवर ओरडू नका हं, तुमचा साधा आवाजही पोरीला ओरडल्यासारखा वाटतो.

रविवारी तिला बागेत न्या. तिथे बाहेरचं काहीबाही घेऊन वेळ मारून नेऊ नका. घरूनच डबा न्या आणि एकाच डब्यातून दोघं खा.

निघायच्या गडबडीत एक सांगायचंच राहिलं. सकाळी डबा भरला, की त्यातला पहिला घास ती मला भरवायची आणि मगच झाकण लावू द्यायची. मी नको म्हटलं, तर डबाच न्यायची नाही.

तेव्हा उद्या झाकण लावायची घाई करू नका. ऑफिसला उशीर झाला तरी चालेल, पण तिच्यापुढे आ करून बसा.

तुमच्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
चिऊची आई