पहिलं पाणी

३ मार्च

धाकटीचा गळा सुजलाय! समोरून दिसत नाही. ती पाणी प्यायला लागली तेव्हा कडेने दिसला. लिंबाएवढा उंचवटा, घोटाबरोबर वर गेला, खाली आला. एवढ्या उकाड्यात अंगात स्वेटर. आवाज जाड झालाय. चेहरा फुगलाय, आणि वेडी म्हणते कशी, "बघ ताई, सुरकुत्या गेल्या!"

विचारलं, थायरॉइडच्या गोळ्या घेतेस ना?

"सोडल्या की जानेवारीत. तुझं शेवाळावरचं भाषण झालं त्याच दिवशी."

मला आनंद होईल अशा थाटात सांगितलं. शाबासकीची वाट पाहत उभी होती.

४ मार्च

तिच्या ओट्यावर तीन बरण्या आहेत. एकीत बारीक चिरून मिठात आंबत घातलेलं समुद्री शेवाळ, वर दडपायला धुतलेला दगड. ते जेवणात. दुसरीतलं गाळून चेहऱ्याला. तिसरीत साखर घालून कुजवलेलं, कुंड्यांसाठी. सगळं मीच शिकवलेलं. आणि चौथं म्हणजे, वाळकं शेवाळ भिजवल्यावर जे पहिलं तपकिरी पाणी निघतं ते रोज सकाळी पेलाभर पिते.

ज्यावरून भाषण केलं ते शेवाळाचं पुस्तक आज काढून पाहिलं. लिहिलंय स्पष्ट — पहिली दोन पाणी ओतून द्यावीत, त्यांत आयोडीन फार उतरतं. खायचं तेही चमचाभरच. थायरॉइडचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तोंडाला लावू नये. या ओळींखाली पेन्सिलची रेघ आहे. माझीच.

म्हणजे मला माहीत होतं! भाषणात मात्र मी म्हणाले, "निसर्गात टाकाऊ काहीच नाही. ते पहिलं पाणीसुद्धा ओतू नका — प्या, अंगाला लावा, झाडाला घाला!" टाळ्या थांबेनात. त्या वाक्यानंतर सूचना वाचली असती तर लय मोडली असती. लय!

५ मार्च

एकटीच डॉक्टरीणबाईंकडे गेले. ऐकता ऐकता त्यांनी पेन खाली ठेवलं. "गोळ्या बंद, आणि वर हे? रोज?" मग शांतपणे, "या आठवड्यात घेऊन या. असंच चाललं तर बेशुद्ध होईल, मग उचलून आणावी लागेल."

७ मार्च

धाकटीशी पाऊण तास बोलले. दाखले दिले, आकडे दिले, पुस्तकातली रेघ दाखवली. तिने जांभया देत ऐकलं. हल्ली बसल्या जागी पेंगते.

"ज्यांना उत्तर देता येत नाही ते भीती दाखवतात. हे कोण म्हणालं होतं, ताई?"

"मी."

"मग?"

कुंड्यांतल्या टोमॅटोच्या पानांच्या कडा करपल्यात, खारट पाण्याने. तेही दाखवलं. तर म्हणे, "आधी वाईट बाहेर पडतं, तूच म्हणालीस."

मेहुणे दारात उभे होते. "ताई, तुम्हीच घासून धार लावलीत. आता कापतंय तर ओरडता का?" हसले, पण डोळ्यांत हसू नव्हतं. त्यांचंही ती ऐकत नाही. मला म्हणाले, "मी काय, तुमच्यापुढे किस झाड की पत्ती!"

८ मार्च

बरण्या आणि वाळक्या शेवाळाची पिशवी तिच्या नकळत उचलून आणली. या वयात चोरी!

९ मार्च

तिच्या माळ्यावर आणखी दोन पिशव्या होत्या. पेला चालूच.

१२ मार्च

वाचनालयात जाहीर माफी मागायची ठरवली. चार वाक्यं कागदावर लिहून नेली होती. "मी चुकले" म्हटलं, आणि सभागृह स्तब्ध झालं. ती स्तब्धता मला ओळखीची आहे. हात आपोआप वर गेला. आवाज चढला. चूक कबूल करण्याच्या धैर्यावर मी वीस मिनिटं बोलले! कागद तसाच राहिला. टाळ्या!

निवृत्त पोस्टमास्तर भेटायला आले. "काय बोललात बाई! काटा आला अंगावर." आणि जाताना हळूच, "ते शेवाळ मिळतं कुठे?"

पहिल्या रांगेत धाकटी मान टाकून झोपली होती. उठवलं तर म्हणाली, "छान झालं गं. पण डॉक्टरांनी दबाव आणला ना तुझ्यावर? मला कळतं."

जिभेला हाड नसतं म्हणतात. माझ्या जिभेला तर ब्रेकही नाही.

१४ मार्च

आज जिना चढताना तीनदा बसली. मी मागून पाहत होते.

१७ मार्च

काहीही न ठरवता गेले. ती ओट्याशी उभी होती, पेला भरत होती. हात इतका संथ — पळीतून पाणी पेल्यात पडायला युग लागलं. कंगवा बाजूलाच होता, त्यात केसांचा झुपका.

मी म्हटलं, "ते पाणी..."

पुढचं येईना. पुन्हा म्हटलं, "हे बघ, ते पाणी..." नाक वाहायला लागलं. तिथेच फरशीवर बसले. चाळीस वर्षं माणसांसमोर उभी राहते आहे मी, असं कधी झालं नाही. मेहुण्यांनी टॉवेल आणून दिला. धाकटी पेला हातात धरून बघत राहिली. रिक्षा करून घरी आले.

गेले होते कशाला, काय सांगायचं होतं — काहीच सांगून झालं नाही.

१८ मार्च

मेहुण्यांचा फोन. दवाखान्यातून! सकाळी तिने स्वतःच चपला घातल्या. रक्त दिलं, डॉक्टरांसमोर गोळी घेतली.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, ताईला बोलताना जन्मभर पाहिलंय. घाबरलेली काल पहिल्यांदा पाहिली."