प्रसादासाठी पुढे केलेला हात

चि. ज्ञानोबास जयपूरहून अक्काचे आशीर्वाद. नात भार्गवी लिहितेय, तेव्हा चुका तिच्या.

मी इथे जयपुरात, प्रतापनगरच्या घरी सुखरूप आहे, तूप खाऊन फुगलेय. देवळात प्रसादाला हात पुढे केलेला माझा फोटो हिने घरच्या ग्रुपवर टाकला. तिथून तो गावभर फिरला आणि तुझ्या विरोधकांनी त्यावर म्हणे लिहिलं, "सरपंचपदाच्या उमेदवाराची बहीण भीक मागते." अंगावर तुझं भाऊबिजेचं लुगडं होतं, ते कुणाला दिसलं नाही!

मग हिच्याकडून व्हिडिओ काढून घेऊन मी खरं सांगितलं, तर गावात तो बनावट ठरला. आता अंगठा पाठवतेय, तोही ठरेल.

भावजयीचा गुडघा कसा आहे? प्रचारात तिला फार हिंडवू नकोस.

गाव बोलू दे रे. पण काल फोनवर तूसुद्धा विचारलंस, "अक्का, खरंच उपाशी नाहीस ना?" तेव्हापासून घास उतरत नाही.

तुझीच,
अक्का (अंगठा)