वायरलेसवरचा माणूस

तेलगाव,
रविवार, १८ जानेवारी

प्रिय करिष्मा,

तुझी आठवण आणि वैशूला खूप पापा.

इकडे सगळं ठीक आहे. थंडीने आईचे गुडघे धरलेत, पण तोंड चालू आहे म्हणजे ती बरीच आहे. धाकट्या उत्तरेश्वरच्या कापसाची शेवटची वेचणी चाललीय. मी अंबाजोगाईला दाखवून आलो. ऑपरेशनचं गळ्याचं भोक स्वच्छ आहे, रुमाल बांधून बाहेर पडत जा, डॉक्टर म्हणाले. तसाच पडतो.

मोबाईलवर लिहिलं असतं. पण तिथे माझं अर्धं वाक्य झालं की तुझं उत्तर येतं, आणि मग मी भलतंच काहीतरी लिहून मोकळा होतो. म्हणून कागद घेतला.

तू पाठवलेली डिस्क मिळाली. ती लावायची कशावर हा प्रश्नच होता, कारण आता प्लेअर कुणाकडे राहिलेत? उत्तरेश्वरने एका मोबाईलवाल्याच्या माळ्यावरून एक शोधून आणला. आतली धूळ पुसून, दोनदा थापट्या मारून चालू केला.

सिनेमा घरी कसा वाटला म्हणून विचारलंयस. खरं सांगू का, खेकडा लहान झालाय. थिएटरात तो समुद्रातून वर आला तेव्हा खुर्च्या हादरल्या होत्या. इथे टीव्हीवर तो आपल्या ओढ्यातल्या खेकड्याएवढा दिसतो. पूल मोडतो, आगबोट नांगीत धरतो, पण भीती काही वाटत नाही. आई म्हणाली, "येवढा मोठा खेकडा! आख्ख्या गावाला रस्सा पुरंल की." सगळे हसले. अंधारातले प्रसंग तर पार वाया गेलेत. काच काळी होते आणि तिच्यात आपणच ओळीने बसलेलो दिसतो.

मला अजूनही जुनाच खेकडा आवडतो. आई-बाबा ऊसतोडीला जायचे तेव्हा कारखान्याच्या मैदानावर पडदा बांधून दाखवला होता तो. रबराचा खेकडा आणि आत माणूस. एकदा तर त्याचा बूटसुद्धा दिसला, तरी आम्ही पोरं कितीतरी दिवस पाण्याजवळ गेलो नव्हतो. आई-बाबा फडात होते, त्यांना काही बघायला मिळाला नाही. मग रात्री पाचटाच्या कोपीत जेवताना मीच तो सगळा त्यांना करून दाखवला. खेकड्याचा आवाज, पोलिसाचा, रडणाऱ्या बाईचा. आईला तो सिनेमा तेवढाच माहीत. म्हणून मागल्या वर्षी तोच नव्याने निघाला आणि हिंदी डबिंगमध्ये त्यातल्या वायरलेसवाल्याचा आवाज मला मिळाला, तेव्हा ती गावभर सांगत सुटली, "माझ्या सोम्याचाच शिनेमा परत काढलाय." गुडघ्यांमुळे थिएटरला काही तिला नेता आलं नाही. तुला हे सगळं माहीत आहेच, पण लिहावंसं वाटलं.

तर गेल्या रविवारी दुपारी लाईट होती, तेव्हा लावला. शेजारच्या छबुबाई आल्या, आणखी दोघीतिघी आल्या. आई टीव्हीसमोर, मी तिच्या शेजारी. माझा भाग आला तसा आईने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. बेटावर एकटा राहिलेला तो म्हातारा, मागे खेकड्याची नांगी, आणि तो वायरलेसवर धाकट्या भावाला सांगतोय, "मेरी फ़िक्र मत कर, मैं यहीं हूँ. आवाज़ आ रही है ना?" आईच्या डोळ्यांना धार लागली. छबुबाई म्हणाल्या, "दगडाबाई, नशीबवान हायसा. लेकराचा आवाज ठिवला देवानं." सगळं छान झालं.

तुझी खोकल्याची गोळी संपली असेल, घेऊन ठेव. वैशूच्या शाळेच्या बसचं ठरलं का? इथे संध्याकाळी उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्ता नुसता अडून जातो, पलीकडे दुकानात जायचं म्हटलं तरी थांबावं लागतं.

वर "छान झालं" लिहिलंय, ते खोडणार होतो. राहू दे.

करिष्मा, तो आवाज माझा नाही.

पहिल्या शब्दालाच कळलं. वायरलेसची खरखर तीच, पण माणूस दुसरा. माझ्या "फ़िक्र"मधला फ डायरेक्टरने किती वेळा सुधारून घेतला होता, आठवतं? घरी येऊन मी भाजी निवडतानासुद्धा तोच म्हणत बसायचो. याचा फ जन्मापासूनचा आहे. चांगलं काम केलंय त्याने. मला वाटलं राग येईल, पण तो आला नाही. नुसता घसा आवळला, आणि आता घसाही नाही तर काय आवळलं कोण जाणे.

स्टुडिओतल्या जीवनला मेसेज टाकला. त्याचं उत्तर आलं की डिस्क काढणारी कंपनी वेगळी, त्यांनी सगळं डबिंग नव्याने करून घेतलं, असं होतं कधीकधी. थिएटरातलं मिळेल का विचारलं. तो म्हणाला, "भाऊ, ते आता कुठं असंल, मला न्हाई माहीत." बाकीच्या कामांत मी सगळीकडे गर्दीत. "पळा, पळा" म्हणणाऱ्या वीस जणांत माझा आवाज कुणी निवडून काढावा? तुझा फोन पाण्यात पडला त्यात माझे बोलून पाठवलेले निरोप गेले. आणि घरी तर मी घसा जपायचा म्हणून गप्पच असायचो. तू चिडायचीस. चिडायला हवंच होतं.

त्या दिवशी उत्तरेश्वरलाही कळलं. त्याने माझ्याकडे बघितलं, तोंड उघडलं, मी त्याच्या गुडघ्यावर हात दाबला. तो मोटार बघतो म्हणून उठून गेला. नंतर गोठ्याजवळ मला म्हणाला, "दादा, आईला सांगाया पायजे. ती परक्या माणसाला लेक समजून बसलीय."

मी मोबाईलवर लिहून दाखवलं, "राहू दे."

"कावून राहू दे? उद्या दुसरं कुनी सांगितलं म्हंजे?"

मी मोबाईल खिशात टाकला. मग दुसऱ्या दिवशी त्यानेच धीर केला. आई भाकरी थापत होती, मी दाराशी बसलो होतो.

"आये," तो म्हणाला, "त्या शिनेमातला आवाज दादाचा न्हाई. दुसऱ्याचा घातलाय."

आई थापायची थांबली नाही. हसली. "गप ए. मी पोटच्या पोराचा आवाज वळखत न्हाई व्हय?" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "सांग रं सोम्या ह्याला."

काय सांगू? मान हलवली तरी पुरे होतं. डावीकडून उजवीकडे, बस. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, हाताला पीठ लागलेलं. मी मान वरखाली केली.

तेव्हापासून रोज दुपारी ती तेवढाच भाग लावायला सांगते. उत्तरेश्वर शेतात असतो, म्हणून मलाच लावून द्यावा लागतो. तो म्हातारा विचारतो, "आवाज़ आ रही है ना?" आणि आई टीव्हीला सांगते, "येतोय रं बाळा, येतोय." मी तिच्या शेजारीच बसलेला असतो. त्या वेळी ती माझ्याकडे बघत नाही. एकदा मी तिचा हात धरला तर म्हणाली, "थांब, त्याला बोलू दे."

तिच्यावर राग धरू नकोस. कानाने कमीच ऐकू येतं तिला, आणि माझं बोलणं ऐकून किती दिवस झाले. कुणाचाही आवाज बसला असता तिथे.

आता जे लिहायचं होतं ते. तू पत्राच्या शेवटी लिहिलंयस की एक डिस्क तू तिथेही घेऊन ठेवलीस, वैशूच्या वाढदिवसाला लावणार आहेस. "पप्पा कसे बोलायचे ते ती विसरायला नको." हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं.

मी गावाकडे हवेसाठी आलो नाही, हे तुला माहीत आहे. तू कधी बोलली नाहीस, मीही लिहिलं नाही. दवाखान्यातून दिलेलं ते बोलायचं यंत्र गळ्याला लावून मी पहिल्यांदा "वैशू" म्हणालो तेव्हा ती कपाटामागे जाऊन बसली. तू म्हणालीस, खेळतेय. मी यंत्र तेवढ्यात खाली ठेवलं होतं, तरी ती बाहेर येईना. जेवायला हाक मारलीस तेव्हा म्हणाली, "ते गेले का?" "ते" म्हणाली, करिष्मा. पप्पा नाही. दुसऱ्या दिवशी मी बॅग भरली. ते यंत्र तिथेच वरच्या फळीवर ठेवून आलोय. इथे लावलं असतं तर कुणी कपाटामागे गेलं नसतं, पण मलाच लावावंसं वाटलं नाही.

थिएटरात माझं पहिलं वाक्य आलं तेव्हा ती खुर्चीवर उभी राहिली होती. "पप्पा तिकडं पण हायत!" पुढच्या रांगेतले वळून हसले. तेव्हा माझा घसा नुसता बसलाय असं आपण धरून चाललो होतो.

ती डिस्क लावलीस आणि तिने ओळखलं, हे पप्पा नाहीत म्हणाली, तर तिच्यापाशी माझं काहीच उरत नाही. नाही ओळखलं, आईसारखी हसली, तर त्या माणसाचा आवाज तिच्या डोक्यात माझा म्हणून राहील, जन्मभर. यातलं बरं कुठलं ते मला कळत नाही. रोज दुपारी विचार करतो, टीव्ही चालू असतो, आणि काही ठरत नाही.

तू ठरव. लावू नकोस म्हणायचा मला धीर नाही, आणि लाव म्हणायचाही नाही. लावलीस तर तिच्या तोंडाकडे बघत राहा. तिने काय केलं ते मला मात्र कळवू नकोस.

तुझा,
सोमेश्वर