जावईबापूंच्या वाणाचं चाक

॥ ग्रामदैवत प्रसन्न ॥

मु. कापडे, ता. पोलादपूर
अधिक ज्येष्ठ, शुक्रवार

सन्माननीय व्याहीबुवा येसाजीराव यांस,

कापड्याहून मुरारीचा हात जोडून रामराम. घरात फोन असताना पत्र कशाला, असं तुमच्या मनात येईल. फोनवर बोलायला लागलो की ही शेजारी उभी राहून मधे मधे दुरुस्त्या करते, म्हणून पत्र.

तुमचे गुडघे कसे आहेत? सवच्या गरम पाण्याच्या कुंडात बसून गुण आला असं समीक्षा म्हणाली. पण आमची मुलगी तुमची सून झाल्यापासून महाडचं सगळं चांगलंच सांगते, तेव्हा खरं काय ते तुम्हीच कळवा. विहीणबाईंना नमस्कार. इकडे माझ्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्यातला मोतीबिंदू पिकायचा आहे. (एवढ्या निमित्तावर समीक्षानं आमच्या जीपची चावी महाडला नेऊन तुमच्या कपाटात ठेवली, हे तुम्हाला ठाऊक आहेच. वरंध घाटात जन्मभर एसटी चालवलेल्या माणसाची चावी! असो.)

तर विषय असा. यंदा अधिक मास, म्हणजे जावयाला वाण देणं आलं. मी अंगठी म्हणत होतो. पण आमच्या मुलानं, सुनीलनं, मुंबईहून परस्पर विचारलं, आणि स्वराजरावांनी (कसलाही आडपडदा न ठेवता, हा त्यांचा गुणच) गाड्यांच्या शर्यतीच्या खेळाचं नवं स्टिअरिंग आणि पेडलं मागितली. त्यांचं जुनं मी तुमच्याकडे पाहिलंय. टेबलाला चिमट्यानं लावायचं, वळवलं की आतले दाते खरखरायचे, आणि ब्रेक असा मऊ की उशीवर पाय ठेवल्यासारखा. शिकाऊ माणसाला ठीक. सुनीलनं नवं घेतलं, चालतंय का बघावं म्हणून ओटीवरच्या त्याच्या कॉम्प्युटरला जोडलं, आणि तो मुंबईला निघून गेला. देण्याआधी वस्तू पारखून द्यावी ही आमच्या घराची रीत, म्हणून मी रोज पारखतो आहे. आणि पारखता पारखता माझ्या ध्यानात आलं की ही वस्तू तुमच्यासारख्या सज्जनांच्या घरात जाणं बरोबर नाही. ते का, हे सविस्तर सांगणं माझं कर्तव्य समजतो.

या चाकाची मोटर थेट दांड्यावरच बसवली आहे. गाडी खड्ड्यात गेली की ते खरोखर हात पिरगाळतं. पहिल्या दिवशी चहाच्या टेबलाला लावलं, तर वळणावर चाक जागच्या जागी राहिलं आणि टेबल फिरलं, कपबशांसकट. मग शेजारच्या चांगू सुताराच्या सल्ल्यानं हिच्या शिलाई मशीनचं वरचं यंत्र उतरवलं आणि चाक त्या लोखंडी स्टँडला बोल्टांनी आवळलं. ही तेव्हा पोलादपूरला बाजाराला गेली होती. परत आल्यावर जे बोलली त्यातलं “अंगात काय आलंय का तुमच्या?” एवढंच लिहिण्याजोगं आहे.

नवं वाहन म्हटल्यावर पूजा करायला हवी. हळदकुंकू वाहिलं, हार घातला, नारळ फोडला. राहिलं लिंबू. ते टायरखाली चिरडायचं असतं, पण इथे टायर कुठला? चांगू म्हणाला, “पेडलाखाली ठेव रे, त्यात काय हाय!” मी देवाचं नाव घेऊन ब्रेक दाबला. लिंबू फुटलं ते थेट ब्रेकच्या पोटात. त्या दिवशी गाडी सरळ रस्त्यावर मनाला येईल तिथे थांबायला लागली, आणि नारळाच्या पाण्यामुळे क्लचमध्ये तांबड्या मुंग्या शिरल्या. चांगूनं सगळं उलगडून, पुसून, कडक उन्हात वाळवून पुन्हा जोडलं. जोडून झाल्यावर एक स्क्रू उरला. तो मी जपून ठेवला आहे.

खरा धोका पुढेच आहे. हा ब्रेक पाय किती खाली गेला ते मोजत नाही, जोर किती लावला ते मोजतो. म्हणजे एसटीसारखा, चांगला दाबायचा. वा! (हा शब्द चुकून आला.) एका उतारावर मी असा दाबला की गाडी थांबली, पण मी प्लास्टिकच्या खुर्चीसकट मागे सरकत ओटीवरून खाली अंगणात गेलो, हिनं वाळत घातलेल्या कुरडयांत. मला खरचटलं, हे कोणी विचारलं नाही. आता खुर्ची सुंभानं खांबाला बांधली आहे. तुमच्या फ्लॅटमध्ये खांब आहे का? नाही. मग?

शिवाय संगत वाईट. जगभरची पोरं एकाच रस्त्यावर सुटलेली असतात आणि कोणाला घाटाची शिस्त नाही. मी चढणाऱ्या गाडीला वाट द्यायला थांबलो, तर मागून धडकली आणि कानाला लावलेल्या हेडफोनमधून ओरडली. मीही पोलादपुरी भाषेत उत्तर दिलं. शर्यतीत शेवटचा आलो, पण गाडीला ओरखडा नाही, आणि तो सगळा उतार मी तिसऱ्या गिअरवर असा काय उतरलो येसाजीराव, की बऱ्याच दिवसांनी हातांना हात असल्यासारखं वाटलं.

तात्पर्य, वस्तू घातक आहे. जावईबापूंची बोटं लांबसडक आहेत, त्यांना अंगठीच शोभेल. तुम्ही वडीलकीच्या नात्यानं समजूत घालावी. जावयाला शब्द देऊन फिरवला अशी बोलवा मात्र होऊ नये, एवढं सांभाळावं.

आपला,
मुरारी

ता. क. चाक परत खोक्यात घालून देणं आता शक्य नाही. खोकं चुलीत गेलं. (मी घातलं नाही, गेलं.)

ता. क. आणखी एक. स्वराजरावांच्या जुन्या चाकाबरोबर गिअरचा दांडा आहे, तो ते वापरत नाहीत असं ऐकतो. धोंडे जेवायला याल तेव्हा पिशवीत घालून आणावा. बटणं दाबून गिअर टाकणं म्हणजे रेडिओ लावण्यासारखं वाटतं.

येसाजीभाऊंना चंद्रभागेचा नमस्कार. ह्यांनी पाकीट चिकटवायला माझ्याकडं दिलं, तवा वाचलं. कुरडयांचं खरं हाय. पन भाऊ, चावी गेल्यापास्नं हे मानूस ओटीवर बसून रस्त्यावरच्या गाड्या बघत व्हतं. जेव म्हटलं की जेवायचं, धड बोलायचं नाय. आता घाट उतरले की मला हाका मारून सांगतात. मला लई बरं वाटतं. स्वराजरावांना मी गुपचूप फोन केला, ते म्हनले, “आई, चाक बाबांनाच राहू दे.” अंगठी मी घेऊन ठेवलीय. फकस्त ह्यांना महिना संपेपर्यंत कळवू नका. जावई चाक न्यायला येनार हायत, एवढं म्हटलं की हे विहिरीचं पानी भरतात, भांडी पन घासतात.