थेंबसुद्धा नाही

१८ जुलै
पोचले बाई एकदाची! बँकॉकच्या शिवणकारखान्यातली अठरा वर्षं आणि रात्रभराची बस, दोन्हींनी कंबर मोडली. स्टँडवर धाकटा भाऊ हजर. लहानपणी भातशेतात बेडकांमागे धावायचा, म्हणून सगळ्यांनी त्याचं नाव खियात पाडलं, म्हणजे पिटुकला बेडूक. मला बघताच म्हणतो, "ताई, केवढी फुगलीस! गाडीचं चाक बसेल माझ्या." मेला! इतकं बरं वाटलं ऐकून.

हे घर त्याच्या बायकोकडचं, मी पहिल्यांदाच पाहिलं. उंच खांबांवरचं, खाली म्हैस, मागे केळी. फक्त घरधनीणच नाही. लाम्दुआन मार्चमध्ये सात वर्षांच्या मिनला घेऊन बहिणीकडे निघून गेली. निरोप रोखठोक आहे: भिक्खूंच्या पावसाळी वर्षावासाचे तीन महिने कोरडा राहिलास तर येते, नाहीतर मुलीला विसर. म्हणून तर मी काम सोडून आले. माझ्यापुढे दारूची काय टाप!

१९ जुलै
सकाळी खरं रूप दिसलं. हात असे थरथरत होते की चिकट भाताचा घास तोंडापर्यंत जाईना. पांढऱ्या दारूचा अर्धा पेला पोटात गेला, तेव्हा कुठे जेवला. डोळे पिवळट, पाय सुजलेले, पोट नगाऱ्यासारखं. रोज दोन बाटल्या लागतात म्हणाला, मान खाली घालून. मी तासभर तोंडसुख घेतलं.

दुपारी गावची आरोग्यसेविका सोम्माई मावशी आली. माझ्यासारखीच फटकळ. म्हणाली, इतकी वर्षं रोज पिणाऱ्याने एकदम तोडायची नसते, अंग उलटतं. आधी तालुक्याच्या दवाखान्यात भरती व्हायचं, आठ-दहा दिवस गोळ्या, डॉक्टरच्या नजरेखाली उतरवायची. मग दर आठवड्याला सुटलेल्यांच्या बैठकीला जायचं. तिचा नवरा तसाच सुटला. "चार वर्षं झाली. आता दारू पीत नाही, नुसतं माझं डोकं खातो," म्हणाली. आम्ही खूप हसलो.

पण मला नाही पटलं. एक नशा सोडायला दुसरी कशाला? शिवाय परवा वर्षावास लागतोय. दवाखान्यात पडून राहिला तर शपथ कधी घेणार?

२१ जुलै
घेतली शपथ! सारं गाव विहारात होतं. खियातने थोरल्या भिक्खूंपुढे हात जोडले. शब्द मीच पढवले होते: थेंबसुद्धा घेतला तर मिनचं तोंड मला पुन्हा दिसू नये. भिक्खूंनी वर पाहिलं आणि विचारलं, डॉक्टरला दाखवलंय का? खियात माझ्याकडे बघायला लागला. मीच पुढे होऊन हो म्हटलं. विहारात खोटं बोलले, पण चांगल्यासाठीच ना?

घरी येऊन उरलेल्या बाटल्या केळीच्या बुडाशी ओतल्या. मग लाम्दुआनला फोन. मिन म्हणाली, "बाबा, खरंच? मग मी बॅग भरून ठेवू?" खियात ढसाढसा रडला. मीही.

२२ जुलै
रात्रभर डोळा नाही त्याचा. घामाने तीन सदरे भिजले, पाणीसुद्धा ठरत नाही पोटात. दुपारी माझे पाय धरले. धाकटा भाऊ पाय धरतो म्हणजे काय! म्हणाला, अर्धा पेला दे, थरथर थांबण्यापुरता. मी शपथेची आठवण दिली. पाय सोडले आणि भिंतीकडे तोंड करून निजला. मला अभिमान वाटला त्याचा.

सोम्माई मावशीचा फोन आला. प्रशिक्षणासाठी शहरात गेलीय. कसा आहे विचारलं. ठीक आहे म्हटलं.

२३ जुलै, दुपार
सकाळी अंग ताठलं, दात खिळले, तोंडाला फेस. दोन मिनिटं असतील. मला अख्खा जन्म गेल्यासारखा वाटला.

शुद्धीवर आल्यापासून चटईवरच्या मुंग्या वेचतोय. मुंगी एकही नाही. मग कोपऱ्याकडे बघून म्हणाला, "ताई, नोयला बसायला दे की. उभाच आहे बिचारा."

नोय त्याचा पिण्यातला सोबती. दोन वर्षांपूर्वी रक्ताची उलटी होऊन गेला. कोपरा रिकामा होता, लख्ख उन्हात, मी डोळे फाडून पाहिला. शपथ मोडायला आलाय मुडदा. खियातच्या मनगटांना मंतरलेला दोरा बांधला. दाराला बाहेरून कडी घातली.

२४ जुलै, सकाळ
मला ओळखत नाही. अंग तव्यासारखं. म्हणतो, नोय छातीवर बसलाय, उठव त्याला. मी नोयला शिव्या घातल्या. मग हात जोडले. दोन रात्री झोप नाही मला— कोपऱ्यातली चटई दबलेली दिसते. कुणीतरी बसल्यासारखी—

२४ जुलै, दुपार
हरले. शेजारून पेला मागून आणला. ओठांना लावला. त्याने दात आवळले. "नको. मिन." एवढंच. मीच पढवलं होतं ना—

सोम्माईला फोन केला. सगळं सांगितलं, माझ्या खोट्यासकट. ओरडली माझ्यावर. नोय-बिय कुणी नाही गं बाई, दारू एकदम तुटली की असंच होतं, माणूस जातो यात. कुशीवर वळव, दोरे सोड, तोंडात काही घालू नको, दवाखान्याची गाडी पाठवते. परवा सांगितलं असतंस तर, म्हणाली.

परवा. परवा मी ठीक आहे म्हटलं होतं.

तीन वाजले
गाडी नाही. हात रिकामे राहिले तर वेडी होईन, म्हणून लिहितेय. एक हात त्याच्या पाठीवर.

आत्ता ओळखलं मला! ताई म्हणाला. नोय गेला म्हणाला. विचारतो, मी थेंबसुद्धा घेतला नाही ना, मिनला सांगशील ना— सांगते रे राजा, सांगते, तूच सांग तिला—

श्वास कसातरीच— मध्ये थांबतो—

भोंगा! वळणावर आली गाडी. खियात, आली रे, आली— ऊठ— चूक माझी होती, सगळी माझी, लाम्दुआनला मीच सांगते, भिक्खूंना सांगते, तू फक्त—