चौथी कड

दौंड

प्रिय नीलू,

पाकीट घाईनं फाडलं असशील तर ते आधी बाजूला जपून ठेव, टाकू नकोस. का ते सांगतो; पण सरळ रस्त्यानं जाईल तर तो तुझा मामा कसला! तुझा फोन लावला की नंबर बंद असल्याचं ती बाई सांगते. म्हणून तुझ्या शेवटच्या पत्रावरच्या अंकलेश्वरच्या पत्त्यावर हे धाडतोय. महेंद्ररावांची कंपनी तीच असेल, खोली तीच असेल, एवढ्याच भरवशावर.

माझं बरं आहे. गुडघे कुरकुरतात, पण जुन्या बैलानं शिंगं दुखतात म्हणून रडू नये. टपालाच्या थैल्या उचलणं कधीच सुटलं, तरी स्टेशनात गाडी लागली की हात शिवशिवतात. शाळा मी दुसरीत सोडली. वाचायला शिकलो ते त्या थैल्यांतल्या पाकिटांवरचे पत्ते लावत लावत, आणि तिकिटांचा नादही तिथलाच. तुझी मामी म्हणायची, "लोकं सोनं जमवत्यात, आन् आमच्या घरी दुसऱ्यांनी चाटलेले कागद!" आता तसं बोलायलाही कुणी नाही.

तुझी पत्रं माझ्याकडं यायची, कारण दाजी आक्काचा मोबाईल तपासायचे. मी ती केंदूरला न्यायचो, दाजी रानात गेले की गोठ्यामागं बसून तुझ्या आईला वाचून दाखवायचो. कुरकुंभची कंपनी सोडून तिकडं गेल्यावर महेंद्ररावांचा पगार कसा वाढला, बाळाला दात कसा आला, गुजराती शेजारीण डाळीत गूळ कशी घालते. ऐकून आक्का हसायची. मग म्हणायची, "आता ते पाकीट दे हिकडं." त्यावर बोट फिरवत बराच वेळ बसायची. मला वाटायचं, लेकीचा हात लागलाय म्हणून. मग पाकीट माझ्या अंगावर टाकायची, "घे तुझं तिकीट!"

घरी आलो की बशीत पाणी घेऊन ते भिजवायचं, गोंद सुटला की जुन्या पेपरावर पालथं वाळत घालायचं, असा माझा रिवाज. एकदा वाळलेलं तिकीट खिडकीशी उजेडाला धरलं, तर त्याला भोकं दिसली. तिकिटं एकमेकांपासून फाडायला कडेला दाते असतात ते नव्हेत. त्यांच्या आत, सुईच्या टोकाएवढी, एका रांगेत. तीन बाजूंना होती, चौथी बाजू कोरी. भिंग लावून तुझ्या बाकीच्या पत्रांची तिकिटं बघितली. सगळ्यांना तेच! दुसऱ्या कुणाच्या पत्राच्या तिकिटाला तसं काही नाही.

झालं, मामाच्या डोक्यात किडा वळवळला. पोस्टातल्या भाग्यश्रीबाईंना विचारलं, तुमचं शिक्क्याचं यंत्र टोचतं का? त्या म्हणाल्या, "मामा, आमचं यंत्र नुसतं काळं फासतं." मग पुण्याला तिकिटांचं प्रदर्शन भरलं होतं तिथं गेलो. तिथल्या एका जाणकारानं चिमट्यात धरून तिकीट निरखलं. म्हणाला, पूर्वी मोठ्या कंपन्या आपल्या तिकिटांवर नावाची अक्षरं टोचून घ्यायच्या, नोकरांनी चोरू नयेत म्हणून. पण हे तसलं नाही. "आजोबा, हे घरात कुणीतरी खेळलंय. खराब माल." मला फार लागलं ते. पण नाद सुटेना. आणि तुझ्या शेवटच्या पत्राचं तिकीट भिजवलं, तर काय बघतो? चारही बाजू टोचलेल्या! सगळ्या ढिगात तसं हे एकच. मी येडा हरखलो. वहीच्या पहिल्या पानावर, मधोमध, राजासारखं बसवलं त्याला.

त्यानंतर तुझं पत्र आलं नाही.

मध्यंतरी आक्काचा खोकला बळावला. अंथरुणाला खिळली. जरा करमणूक होईल म्हणून मी माझी वही घेऊन केंदूरला गेलो आणि पहिलं पान तिच्यापुढं धरलं. म्हटलं, आक्का, हे बघ, असं तिकीट अख्ख्या पुण्यात कुणाकडं नसेल. तिला आता नीट दिसत नाही. तिनं बोट फिरवलं आणि हात मागं घेतला. म्हणाली, "मला दावू नको. त्याच दिशी कळलंय मला." मी म्हटलं, काय कळलंय? ती म्हणाली, "पोरीनं चौथी कड आपल्या हातानं शिवून टाकली."

तुला हे सांगायची गरज नाही, पण मला तेव्हा कुठं उमगलं, म्हणून लिहितो. लेक नांदायला निघाली की तुमच्या घरात मायलेकी मिळून गोधडी शिवतात. तीन बाजूंनी शिवायची, चौथी कड उघडी ठेवायची. लेक माहेरपणाला आली की दोघींनी मांडीला मांडी लावून ती मिटवायची. तुझं लग्न कोर्टात झालं, तीन बाजू शिवलेली गोधडी घरीच राहिली. आणि माझ्या तोंडून वाचलं जाणार म्हणून जे पत्रात लिहिता येत नव्हतं, ते तू दर वेळी तिकिटावर सुईनं शिवत होतीस. तीन बाजू: आई, मी येणार आहे. मी आक्काला म्हटलं, अगं, पण शेवटच्या पत्रातही लिहिलंय ना, दिवाळीला नक्की येते म्हणून? मीच तर वाचलं. तर म्हणाली, "ते तुझ्यासाठी लिव्हलं व्हतं, संपत. माझ्यासाठी लिव्हलं ते हे."

मी ते तिकीट शिरुरात, दौंडात, चार चौघांत मिरवलं, नीलू. आणि ती सगळं गिळून, दिवाळीचे लाडू वळत बसली.

मग तिनं त्या दिवसाचं सांगितलं. त्या शेवटच्या पत्राआधी तू बाळाला कडेवर घेऊन दारात आलीस तो दिवस. मी तिथं नव्हतो, दोघीही मला कधी बोलला नव्हतात. दाजींनी कडी लावली. तुला वाटलं असेल, आई घरात नाही, किंवा आई त्यांच्यात सामील आहे. ती आतच होती, दाराच्या एवढी जवळ की बाळाच्या पायातले वाळे तिला ऐकू येत होते. दाजी कडीवर हात ठेवून उभे होते. "मी उठले व्हते. हात पुढं केला व्हता. मग त्यांनी नुसतं बघितलं, आन् मी खाली बसले." एवढं सांगून ती भिंतीकडं वळली. तिची बाजू मी घेत नाही. महेंद्ररावांची जात काढून दाजी जे बोलले, तेही धुऊन निघणारं नाही. जे झालं ते झालं तसं तुला सांगितलं.

आता मुद्द्याचं. दौंडच्या डॉक्टरांनी आक्काला घरी न्यायला सांगितलंय. खाईल ते द्या, म्हणाले. अंगावर तीच गोधडी आहे, उघड्या कडेचे धागे ती मुठीत धरून असते. परवा केंदूरला गेलो, तर तिनं माझ्याकडं एक कोरं तिकीट मागितलं. मी वहीतलं पाखराचं दिलं, माझं सगळ्यात लाडकं. सुई शोधायला लागलो, तर दाजी उठले, कॅलेंडरला टोचलेली सुई काढली आणि तिच्या हातात दिली. हल्ली दाराला कडीही लावत नाहीत. तिनं टोचायला घेतलं. रांग वाकडी गेली, एका जागी कागद फाटलाय. तीन बाजू झाल्यावर ती थांबली. मी म्हटलं, आण, मी करतो चौथी. तिनं माझा हात झिडकारला. तेच तिकीट पाकिटावर आहे. पोस्टानं खोडा घालू नये म्हणून शेजारी चालू तिकिटं लावलीत. त्या पाखरावर बोट फिरव, पोरी. टपालाला जेवढा वेळ लागतो तेवढा तिच्याकडं आहे का, ते मला ठाऊक नाही. पण चौथी कड तिनं कुणाला शिवू दिलेली नाही.

तुझाच,
संपतमामा