भेंडीच्या पावडरीची चाचणी

गडमुडशिंगी,
शुक्रवार, ९ जानेवारी २०२६, सकाळी ७.१०. रस गाळायची फडकी धूत होतो.

ती. अनुजाताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर माझा आवाज चढतो, म्हणून लिहितो. विद्यापीठातल्या तुझ्या भेंडीच्या पावडरीला बाजारात आणायला पंचवीस लाखांचा निधी मिळाल्याचं पेपरात वाचलं. अभिनंदन. अप्पांनी ते कात्रण गुऱ्हाळाच्या खांबाला डकवलंय. ऊस घेऊन येईल त्याला ऐकवतात, माझ्या भावाच्या पोरीनं नाव काढलं की! पोटच्या पोराबद्दल ते कुणाशी एवढं बोललेले नाहीत. बारावी नापास पोराबद्दल काय बोलणार म्हणा.

रस साफ करायला भेंडीचं चिकट पाणी आपण पिढ्यान्‌पिढ्या घालतो. ते नेमकं कधी घालायचं, हे तू दोन हंगाम माझ्या शेजारी उभी राहून लिहून घेतलंस. बातमीत 'स्थानिक कारागीर' एवढंच आहे. मी तीनदा वाचली.

राग न धरता माया ठेव, असं लिहायची रीत आहे. राग सध्या माझ्याकडं आहे.
गुरुप्रसाद

---

कोल्हापूर, १३ जानेवारी

चि. गुरुप्रसाद,
अनेक आशीर्वाद.

रागातही ऱ्हस्व-दीर्घ सांभाळणारा तूच एक! बातमी मी लिहिली नव्हती रे, पण तुझं नाव सांगायचं माझ्याकडून राहिलं, हे खरं.

आता काम. निधीचा पहिलाच हप्ता आलाय. बाकीचे, निधी देणाऱ्या समितीने रस उकळायच्या खऱ्या काहिलीत गूळ होताना पाहिल्यावर. ती माणसं गुरुवारी, २२ तारखेला येतील. प्रयोगशाळेत मी दहा लिटर रस उकळते; हजार लिटरच्या काहिलीचा अंदाज मला येत नाही. अप्पाकाकांच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालंय, वाफेत त्यांना दिसणार नाही. तेव्हा उकळी फुटायच्या आधी तू खूण कर, मी पावडर ओतीन. वेळ चुकली की मळी वर न येता रसातच मिसळते आणि गूळ काळा पडतो, हे तूच शिकवलंस. फुगलेलं तोंड त्या दिवसापुरतं घरी ठेवून ये.

रुसायचा हक्क तुझा, समजूत काढायचा माझा.
अनुजाताई

---

गडमुडशिंगी,
शनिवार, २४ जानेवारी, सकाळी ११.१५. पोस्टाच्या बाकावर बसलोय.

ती. अनुजाताईस,
सा. न. वि. वि.

गुरुवारी तू माझ्याकडं बघत होतीस. काहिलीच्या कडेला फेस धरला, तेव्हाच खूण करायची होती. मला कळलं होतं. पण समितीतले लोक तुला मॅडम मॅडम करत होते आणि मला पाण्याच्या बाटल्या आणायला सांगत होते. मी हात खालीच ठेवला. उकळी फुटल्यावर वर केला. गूळ काळा पडला आणि तू पावडरीचं प्रमाण चुकलं म्हणून वही चाळत राहिलीस.

मला बरं वाटेल असं वाटलं होतं.

अप्पांनी समितीला सांगितलं, डोळा माझा चुकला, पोरीच्या पावडरीत खोट न्हाय. चाळीस वर्षांत त्यांचा गूळ काळा निघाला नव्हता. घरी आल्यावर एवढंच विचारलं, फेस धरलेला तुला दिसला न्हवता व्हय? मी फडकी धुवायला घेतली.

आज समितीला सगळं खरं लिहून सही केली. पुन्हा चाचणी घ्या, अशी विनंती केली. आधी अप्पांना वाचून दाखवलं. त्यांनी कागद मागून घेतला आणि दिसत नसताना बराच वेळ धरून बसले.

समिती काय म्हणेल, माहीत नाही. चाचणी झालीच, तर खूण दुसऱ्या कुणाकडून घे. हेवा अजून गेलेला नाही.

माया ठेवावी की नाही, हे तू ठरव.
गुरुप्रसाद

खर्च : टपाल, ₹४२.
देणे : अप्पांना, दोन क्विंटल गुळाचा पडलेला भाव, ₹२,४००. तुला, दुसऱ्या चाचणीचा दोन टन ऊस, ₹७,०००.
येणे : काही नाही.